आठवी चिठ्ठी

१४ सप्टेंबर

मा. प्राध्यापक महोदय,

मानव्यविद्या विभागाच्या सार्वजनिक व्याख्यानमालेत आपण दिलेल्या 'अक्षरांच्या पलीकडे' या व्याख्यानाबद्दल विभाग आपला आभारी आहे. श्रोत्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी वेळेअभावी राहिलेल्या सात चिठ्ठ्या प्रथेप्रमाणे सोबत पाठवत आहोत. त्यांची उत्तरे १५ ऑक्टोबरपर्यंत मिळाल्यास ती व्याख्यानासह वार्षिक खंडात छापली जातील. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, तो प्रश्न छापून त्याखाली अर्धे पान कोरे सोडले जाते, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,
व्याख्यानमाला कक्ष

दादा,

वरचं कार्यालयाचं झालं. एकवीस वर्षांत ते पत्र इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. खालचं माझं आहे. ते हाताने लिहितेय, म्हणजे फायलीत जाणार नाही.

नऊ वर्षांनी भेटलास, आणि भेटलास म्हणजे काय, तर मी तुझ्या कॉलरला माइक लावला. तू म्हणालास, "बारके, केस पिकले की गं तुझे." मी म्हटलं, "एक ते दहा म्हणा, सर. आवाज बघायचाय." तू म्हणायला लागलास. सातपाशी थांबलास आणि हळूच विचारलंस, "आई आली नाही ना?" मी म्हटलं, "नाही." मग आठ, नऊ, दहा म्हणालास ते एकदम मोकळ्या आवाजात.

त्यानंतर पन्नास मिनिटं बोललास. मी मागे आवाजाच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून. बाकीच्यांना तू हॉलभर ऐकू येत होतास, मला थेट कानात. "माझी आई निरक्षर होती. छापखान्यात ती आयुष्यभर कागद दुमडत राहिली. रोज हजारो पानं तिच्या हातांखालून गेली, आणि त्यातलं एकही तिला वाचता आलं नाही." इथे थांबून पाणी प्यायलास. तहान लागली नव्हती तुला. लहानपणी गोष्ट सांगतानासुद्धा तू असाच मोक्याच्या जागी थांबायचास. पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला.

होती म्हणे! ती आत्ता आतल्या खोलीत रेडिओवरच्या बातम्या ऐकतेय आणि निवेदकाचे उच्चार सुधारतेय.

आई कागद दुमडायची हे खरं. लग्नाआधी, चार वर्षं. बांधणीच्या खात्यात घड्या घालताना आधी पानांचे आकडे ओळखायला लागली, मग शब्द, आणि मग एक दिवस फोरमनला म्हणाली की या फर्म्यात, सोळा पानांच्या या एका तावावर, एक ओळ दोनदा छापलीय. त्याने तिला प्रूफाच्या टेबलावर बसवली. एकतीस वर्षं ती तिथे होती. तू पहिलीत गेलास तेव्हा ती तिथेच होती. तुझ्या निबंधाच्या वहीत ती समासात खुणा करायची आणि तू भोकाड पसरायचास, "सगळ्यांच्या आया नुसतं छान म्हणतात!" विसरलास? तुझ्या पहिल्या पुस्तकाची दोनशे चाळीस पानं तिने रजा टाकून तपासली. ऋणनिर्देशात तू टायपिस्टचे आभार मानलेस, ग्रंथपालाचे मानलेस, वसतिगृहाच्या खानावळवाल्याचेसुद्धा. आणि दुसऱ्या पुस्तकात ही न वाचता येणारी बाई आली. बाबा ते वाचून म्हणाले होते, "ही कोण बाई आणली याने? माझी बायको तर मी लिहिलेली पत्रं दुरुस्त करून मलाच परत द्यायची." आम्ही हसलो होतो. नंतर त्या बाईवर तुला बक्षिसं मिळायला लागली, तसं हसू गेलं आणि तुझं येणंही गेलं. बाबा गेले तेव्हा एक दिवस आलास, तेवढाच.

विद्यापीठाच्या अतिथिगृहापासून आपलं घर चालत दहा मिनिटांवर आहे. दोन दिवस होतास. मी मोजत नव्हते, पण खोलीची किल्ली माझ्याच कक्षात जमा होते.

आई आली नव्हती म्हणून वाचलास. पण आजवरचे वीसही खंड तिने वाचलेत, हातात पेन्सिल धरून. एकविसावाही मागेल. तो मी तिच्या हातात कसा देऊ? व्याख्यानाची टाइप केलेली प्रत सोबत आहे. तपासताना ती ओळ स्वतःच्या हाताने खोड. एवढंच मागतेय.

बारकी


६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. विद्यापीठाच्या जाड कागदावर, खाली सगळ्या पदव्यांसकट. सात उत्तरंही मिळाली, छान आहेत, टाइप केली.

'ती आई म्हणजे आपली आई नव्हे. ती एक प्रतिमा आहे. श्रोत्यांना हे कळतं.' असं का? मग त्या रुमालवाल्या बाई जाताना मला "त्या माउलीला माझा नमस्कार सांगा" असं का म्हणाल्या? आणि प्रतिमेचे गुडघे दुखत नाहीत, दादा. माझ्या घरी जी राहते तिचे दुखतात. प्रतिमेला चष्म्याचा नंबर काढायला न्यावं लागत नाही. निरक्षर बाईला चष्मा कशाला, हेही एकदा व्याख्यानात सांग.

पण मला खरं झोंबलं ते तुझं शेवटचं वाक्य. 'तरी तुला टोचत असेल, तर छापताना तो शब्द तूच बघून घे. तू सगळ्यांचं नीट करतेसच.'

करते. तत्त्वज्ञानावर बोलायला आलेल्या एका नामवंतांनी एकाच माणसाला दोनदा मारलं होतं, दोन वेगवेगळ्या शतकांत. मी त्याला एकदाच मरू दिलं. इतिहासाच्या एका बाईंनी एक शहर भलत्याच नदीकाठी नेऊन ठेवलं, मी ते परत जागेवर आणलं. लोकांचे 'म्हणजे' आणि 'आपलं ते' मी पोत्याने काढले असतील. कोणाला कळतही नाही, आणि कळू नये हेच माझं काम. पण त्या चुका होत्या. माणूस बोलता बोलता घसरतो, आपण हात द्यायचा. तू घसरला नाहीस. तू पाणी प्यायला थांबलास.

आता ऐक. मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

आई आली होती.

शेवटून दुसऱ्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, गुडघा लांब करून बसली होती. मला आधीच बजावलं होतं, "त्याला सांगू नकोस. आपली माणसं समोर बसली की त्याच्या पोटात गोळा येतो. शाळेतही यायचा." म्हणून मी तुला 'नाही' म्हटलं, असं मी दोन दिवस स्वतःलाच सांगत होते. पण रेकॉर्डिंग उतरवताना आपला तो संवाद पुन्हा ऐकला. माइक चालूच होता, सगळं आलंय त्यात. माझं 'नाही' ऐकलं आणि कळलं की ते आईसाठी नव्हतं. ती नाही असं समजल्यावर तू काय बोलतोस, ते मला बघायचं होतं. बघितलं. तिलाही बघायला लावलं. खरं सांगितलं असतं तर कदाचित तू ते पान गाळलं असतंस. एवढा दोष माझ्याकडे राहू दे.

दुसरं. चिठ्ठ्या सात नव्हत्या, आठ होत्या.

व्याख्यान संपल्यावर टोपली माझ्याकडे आली. मी चिठ्ठ्या लावून अध्यक्षांपुढे ठेवते, हे तू पाहिलंस. आठवी उघडण्याआधीच अक्षर ओळखलं. मी ती पर्समध्ये टाकली. अध्यक्ष एकेक चिठ्ठी वाचत होते आणि आई दाराजवळ हात मांडीवर ठेवून, मान पुढे काढून, आपली कधी येते याची वाट बघत होती. शेवटचे आभार झाले तरी उठली नाही. घरी येताना म्हणाली, "वेळ संपला असेल. राहिलेल्या पोस्टाने जातात ना?" मी म्हटलं, "जातात." त्यानंतर रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत एकच प्रश्न, "उत्तर आलं?"

तुझी अब्रू वाचवायला मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. सवय, दुसरं काय. घरात तुझ्यासाठी दार लावून घेण्याची सवय. 'हळू बोला, दादा अभ्यास करतोय.'

परवा तुझी उत्तरं आली आणि तिने स्वतः मोजली. सात. मग मला सांगावंच लागलं. ओरडली नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तू तिथे कार्यालयाची म्हणून बसतेस की त्याची बहीण म्हणून? एक काय ते ठरव." म्हणून ठरवलं. काल आठवी चिठ्ठी नोंदवहीत चढवली. क्रमांक पडला. आता ती कोणाच्याच पर्समध्ये जाऊ शकत नाही. नक्कल अशी:

'नाव: (लिहिलेलं नाही.) व्यवसाय: प्रूफरीडर, निवृत्त. प्रश्न: वक्त्यांनी सांगितले की त्यांची आई सोळा पानी फर्मा दुमडायची आणि त्यात पहिल्या पानाशेजारी दुसरं पान असायचं. तसे नसते. पहिल्याशेजारी सोळावं असतं. दुसरं पहिल्याच्या पाठीवर असतं. वक्ते म्हणतात तसं छापून घडी घातली, तर ते पुस्तक कोणालाच वाचता येणार नाही. ज्या बाईकडून हे शिकलो असे ते म्हणतात, तिला ते पुन्हा एकदा जाऊन विचारतील का?'

नीट वाच. निरक्षर म्हटल्याबद्दल तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. मी असते तर पानभर लिहिलं असतं. तिने तुला घडी चुकली म्हणून सांगितलं आणि घरी बोलावलं.

उत्तर वीस तारखेपर्यंत दे. खंड तीस तारखेला छपाईला जातो.

बारकी


२४ ऑक्टोबर

दादा,

आधी फोनबद्दल. तू कक्षात फोन करून म्हणालास, "ती चिठ्ठी काढून टाक, हा घरचा मामला आहे." घरचा मामला चारशे लोकांसमोर माइकवर कोणी काढला? मी काढला? आणि मी फोनवर "नियमात बसत नाही, सर" म्हणाले ते तुला तोडून बोलायला नव्हे. शेजारी दोघं बसले होते. नाहीतर घरच्या भाषेत बोलले असते.

आता तुझं उत्तर. सहाशे शब्दांचं. आईने ते टेबलाशी बसून वाचलं, मी समोर उभी होते. स्मृती कशी सत्याला दुमडते. प्रत्येक मुलगा आपली आई नव्याने कशी रचतो. पहिलं पान कोणाच्या शेजारी यावं हे शेवटी वाचणारा कसं ठरवतो. (ते बांधणीवाला ठरवतो, दादा.) आईने तीन ठिकाणी पेन्सिल टेकवली, तिन्ही शुद्धलेखनाच्या. मग कागद खाली ठेवला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण हे विचारलेलं नाही."

"म्हणजे?"

"मी विचारलं, जाऊन विचारतील का. त्याचं उत्तर हो किंवा नाही. यात दोन्ही नाही."

मी हसले. ती हसली नाही. "त्याला लिहिता येतं म्हणून उत्तर देता येतंच असं नाही," म्हणाली, आणि भाजी चिरायला घेतली.

म्हणून ते सहाशे शब्द सोबत परत पाठवतेय. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठव. एक शब्द पुरेल.

आणखी एक. व्याख्यानाची तपासलेली प्रत तू पाठवलीस. ती ओळ तशीच आहे. उलट 'निरक्षर'च्या आधी एक क्रियाविशेषण वाढवलंयस. 'पूर्णपणे'. पूर्णपणे निरक्षर. ते वाचलं तेव्हा मी कक्षातल्या कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निखळली. अजून तशीच लोंबतेय, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कसं झालं हो?" मी सांगते, "क्रियाविशेषणामुळे."

हे सगळं आईपासून लपवायचं होतं, पण प्रूफं घरी आणली आणि ती म्हणाली, "आण इकडे." वीस वर्षं तीच बघते. कार्यालयाला माहीत नाही, तुलाही नसेल. या व्याख्यानमालेच्या खंडात चुका सापडत नाहीत म्हणून लोक विभागाचं कौतुक करतात ना, ते हिचं. तिने तुझं व्याख्यान पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत वाचलं. पान एक्केचाळीस, ओळ तीन. मला वाटलं आता रडेल, किंवा फाडेल. तिने त्या दोन शब्दांखाली बारीक रेघ मारली आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. बस.

मी म्हटलं, "खोड की! खोटं आहे ते!"

"प्रूफ बघणाऱ्याने खोडायचं नसतं. विचारायचं असतं. लेखकाचं लेखकाने बघायचं."

"आई, तुझ्याबद्दल आहे ते!"

"म्हणून तर हात लावत नाही."

ते पान सोबत आहे. पेन्सिल फिकट आहे, उजेडात धर. तीस तारखेला दुपारी चार वाजता मी छपाईला देणार. तोवर काही आलं नाही, तर ओळ तशी जाईल, चिठ्ठीही जाईल, आणि तिच्याखाली अर्धं पान कोरं. एकवीस वर्षांत असं कोरं पान एकदाच गेलं होतं. ते वक्ते वारले होते.

बारकी


८ डिसेंबर

दादा,

पाच वाजेपर्यंत थांबले होते मी. एक तास नियमाबाहेर. तेवढी बहीण अजून शिल्लक आहे, कळू दे तुला.

खंड छापून आला. पहिली प्रत मॅडमच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली, एक कुलगुरूंकडे गेली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"हे काय? इतक्या मोठ्या वक्त्याखाली अर्धं पान कोरं! कुलगुरूंच्या ऑफिसातून विचारणा झाली. आणि ही निवृत्त प्रूफरीडर कोण?"

"माझी आई."

"अरे वा! मग वक्त्यांनी तिला उत्तर द्यायला हवं होतं. कोणाच्याही आईला दिलं असतं त्यांनी."

"त्यांचीही तीच आई आहे, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खंड उघडून पान एक्केचाळीस काढलं. बराच वेळ वाचत होत्या. मी उभीच. "पण इथे तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पाणी वगैरे प्यायल्या नाहीत. खरंच थांबल्या.

मग मी सगळं सांगितलं. तुझं 'आली नाही ना', माझं 'नाही', पर्समधली चिठ्ठी, आणि तुझं सहाशे शब्दांचं उत्तर मी त्यांना न विचारता परत पाठवलं तेही. तसा मला काडीचाही अधिकार नव्हता. नोकरी जाईल असं वाटलं. त्या म्हणाल्या, "त्याबद्दल तुम्हाला लेखी ताकीद मिळेल." मिळाली. फायलीत लागली. एकवीस वर्षांतली पहिली, आणि ती तुझ्यामुळे मिळावी हे अगदी आपल्या घराला साजेसं झालं.

नंतर त्या म्हणाल्या, "शुद्धिपत्र लावू. तुमच्या आईंनाच लिहायला सांगा, त्यांच्याइतकं कोणाला जमणार?"

इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. धावत घरी गेले. मनात मजकूर तयार होता. 'पूर्णपणे निरक्षर' या शब्दांऐवजी 'एकतीस वर्षे प्रूफरीडर' असे वाचावे. चारशे प्रतींत, तुझ्याच व्याख्यानाला चिकटवलेलं. मनातल्या मनात मी ते तुला वाचूनही दाखवलं.

आईने कागद पुढ्यात घेतला, पट्टी ठेवून रेघ आखली आणि लिहिलं: 'पान ४१, ओळ ६: "दुसरं पान" ऐवजी "सोळावं पान" असे वाचावे.' खाली तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आणि ओळ तीन?"

"ती यात बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?"

"शुद्धिपत्रात चुका घालतात. चूक नकळत होते." पेनाला टोपण लावत म्हणाली, "घडीचं तो विसरला, ती चूक. माझं तो विसरलेला नाही."

मी वाद घातला, दादा. रडले, ओरडले. तुला म्हणायचं ते सगळं तिला म्हणाले. ती ऐकत बसली, आणि शेवटी म्हणाली, "जाणूनबुजून लिहिलेलं ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. मी नाही, तू नाही, तुझ्या मॅडमही नाहीत."

इतके दिवस मी समजत होते की ती तुला माफ करतेय, म्हणूनच माझं रक्त उकळत होतं. ती माफ करत नाहीये. ती प्रूफ तुझ्या पुढ्यात ठेवून बसलीय.

तर आता कार्यालयाचं, पण हाताने लिहिलेलं. चारशे प्रती कक्षात गठ्ठ्यांनी पडल्या आहेत. मॅडमनी वाटप पंधरा दिवस थांबवलंय. लेखकाला स्वतः येऊन स्वतःच्या मजकुरात दुरुस्ती करायची असेल तर हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. चारशे वेळा एक ओळ. मी टेबल रिकामं करून ठेवते. आई शुद्धिपत्राच्या घड्या घालायला येणार आहे, गुडघा लांब करायला स्टूल मागितलंय. तुला माइक लागणार नाही. पाणी आहे.

नाही आलास तर बावीस तारखेला प्रती अशाच जातील. कोऱ्या पानासकट. आई त्या दिवशीही विचारेल, "उत्तर आलं?", आणि या वेळी मी तिला खरं तेच सांगेन.

येताना पेन आण. पेन्सिल चालणार नाही. आई म्हणते, पेन्सिल फक्त विचारायला असते.

बारकी